तिखट ओरडते, मीठ गप्प राहते

उत्तर जपानमध्ये यामागाता नावाचा प्रांत आहे. तिथल्या नान्यो शहरात आकायु हा गरम पाण्याच्या झऱ्यांचा भाग आहे. झऱ्यांइतकाच तो आणखी एका गोष्टीसाठी प्रसिद्ध आहे. ती म्हणजे 'कारामिसो रामेन', अर्थात तिखट मिसोचे रामेन. मोठा वाडगाभर वाफाळता रस्सा, त्यात जाडसर पिवळ्या शेवया, वर मांसाचे काप आणि हिरवा कांदा, आणि मधोमध लिंबाएवढा लालभडक तिखट गोळा. गोळा एकदम ढवळायचा नसतो. आधी साधा रस्सा चाखायचा, मग काड्यांनी थोडा थोडा गोळा विरघळवत जायचे. जेवण पुढे सरकेल तसा रस्सा लाल होत जातो, कपाळावर घाम येतो, नाक वाहू लागते. बाहेर बर्फ पडत असताना असा वाडगा समोर आला तर कोणाला नको वाटेल?

आरोग्याच्या पानावर हे जपानी खाणे कशाला, असे काही वाचकांना वाटेल. कारणे दोन आहेत. पहिले, जपानशी आपले नाते जुने आहे. भदंत सुरेई ससाई जपानमध्ये जन्मले आणि नागपूरला आपली कर्मभूमी मानून राहिले. कामठीचे ड्रॅगन पॅलेस 1999 साली जपानच्या ओगावा सोसायटीच्या मदतीने उभे राहिले. 2015 साली जपानच्या कोयासान विद्यापीठात बाबासाहेबांचा पुतळा बसला. त्यामुळे जपानी माणूस काय खातो याचे आपल्या घरांत कुतूहल असते. 'बौद्ध देश आहे, तिकडचे खाणे पथ्याचेच असणार' अशी एक समजूतही असते.

दुसरे कारण आपल्या वस्तीतलेच आहे. रामेन आता कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात लटकते आहे. जपानी नावाची पाकिटे आहेत, कोरियाची जाळ तिखट पाकिटे आहेत. शाळेतली मुले 'कोण न थांबता संपवतो' अशी पैज लावून ती खातात आणि मोबाईलवर चित्रीकरण करतात. आई ओरडते ती तिखटाबद्दल. आमचे म्हणणे असे, की ओरडायचेच असेल तर आधी मिठाबद्दल ओरडावे.

वाडग्यात काय काय असते

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. रामेन हे विहारातले खाणे नव्हे. जपानच्या बौद्ध मठांतल्या जेवणाला 'शोजिन र्‍योरी' म्हणतात. त्यात मांस-मासळी नसते, कांदा-लसूणही नसतो. सोयाबीन, भाज्या, समुद्रातली वनस्पती आणि भात यांवर ते चालते. रामेनचा वंश वेगळा आहे. चिनी स्थलांतरितांनी आणलेल्या गव्हाच्या शेवयांपासून ते घडले. 1910 साली तोक्योच्या आसाकुसा भागात 'राइराइकेन' नावाचे दुकान निघाले आणि हे खाणे शहरातल्या सामान्य माणसाच्या तोंडी बसले. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये भाताची टंचाई होती आणि अमेरिकेहून गहू येत होता. तेव्हा हातगाड्यांवरच्या रामेनने कष्टकऱ्यांची पोटे भरली. 1958 साली मोमोफुकु आंदो यांनी ओसाका परिसरात तळून सुकवलेल्या झटपट शेवया बाजारात आणल्या. आज आपल्या दुकानात दिसणारी पाकिटे त्याच शोधाची नातवंडे आहेत.

म्हणजे रामेन हे मुळात गरिबाचे, मजुराचे, घाईतल्या माणसाचे खाणे. आजही जपानमधली साधी रामेनची दुकाने तशीच आहेत. अनेक ठिकाणी दारातच यंत्र असते. पैसे टाकायचे, बटण दाबायचे, चिठ्ठी घ्यायची आणि ओट्यासमोरच्या स्टुलावर बसायचे. थंड पाणी फुकट असते. शेवया फुर्र आवाज करत ओढल्या तरी कोणी नाक मुरडत नाही. दहा-पंधरा मिनिटांत माणूस जेवून बाहेर पडतो. तिखट रामेनच्या बऱ्याच दुकानांत तिखटाला आकडे असतात: शून्य, एक, दोन, तीन. हवा तो आकडा सांगायचा.

आता वाडगा खालून वर पाहू. सर्वांत तळाशी असते 'तारे'. सोया सॉस, मिसो किंवा मीठ यांपासून केलेला हा दाट खारट अर्क असतो. नागपूरकरांना हा शब्द ऐकून तर्री आठवेल. दोन्ही शब्दांचे नाते नाही, नुसते साम्य आहे. पण फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. आपली तर्री वर तरंगते आणि डोळ्यांना दिसते. जपानी तारे तळाशी घातलेले असते आणि त्यावर रस्सा ओतला की दिसेनासे होते. हा रस्सा डुकराची हाडे, कोंबडी आणि सुकटीसारखे सुकवलेले छोटे मासे तासन् तास उकळून केलेला असतो. मग येतात शेवया. त्यांचा पिवळेपणा आणि चिवटपणा अंड्यामुळेच असतो असे नाही; पिठात 'कान्सुइ' नावाचा खार घालतात. आपण पापडात पापडखार घालतो, तसलाच हा प्रकार. सर्वांत वर तेल आणि तिखट.

तिखट वर असते, डोळ्यांसमोर. मीठ तळाशी असते, डोळ्यांआड. या लेखात सांगायचे ते सारे या मांडणीतच आहे.

तिखट लागते म्हणजे काय होते

गोड, आंबट, खारट, कडू या चवी आहेत. तिखट ही खरे तर चव नाही, ती वेदना आहे. मिरचीत कॅप्सेसिन नावाचे द्रव्य असते. आपल्या जिभेवर, ओठांवर, डोळ्यांत आणि आतड्यांतही उष्णता ओळखणारे सूक्ष्म ग्राहक असतात. सुमारे 43 अंश सेल्सिअसपेक्षा जास्त गरम काही लागले की ते मेंदूला 'भाजते आहे' असा निरोप देतात. कॅप्सेसिन नेमके त्याच ग्राहकांना जाऊन चिकटते. काहीही भाजत नसताना मेंदूला भाजल्याचा निरोप जातो. मग शरीर घाम काढते, नाक-डोळे वाहू लागतात. हा ग्राहक शोधून काढणारे डेव्हिड ज्युलियस यांना 2021 साली आर्डेम पटापुटियन यांच्यासोबत नोबेल पारितोषिक मिळाले.

यातून घरात वापरता येतील अशा तीन गोष्टी निघतात.

एक, तिखट लागल्यावर पाणी पिऊन फारसा उपयोग नसतो. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, ते स्निग्ध पदार्थात विरघळते. दूध किंवा दही घ्यावे; सोबत भात किंवा भाकरीचा घास खावा.

दोन, मिरचीने पोटात व्रण होतो हा समज बरोबर नाही. पोटातले बहुतेक व्रण 'हेलिकोबॅक्टर पायलोरी' या जिवाणूमुळे किंवा अंगदुखीच्या गोळ्या वारंवार घेतल्यामुळे होतात. हा जिवाणू दाखवून देणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना 2005 साली नोबेल मिळाले. मात्र ज्यांना आधीच व्रण, आम्लपित्त किंवा मूळव्याध आहे, त्यांचा त्रास तिखटाने वाढू शकतो. पोटात सारखी आग होत असेल तर मिरचीला दोष देत बसू नये आणि दुकानातून गोळ्या आणून दिवस ढकलू नयेत. डॉक्टरांना दाखवावे; त्या जिवाणूवर औषध आहे.

तीन, फार जास्त तिखट मुलांना खरोखर इजा करू शकते. 2024 च्या जूनमध्ये डेन्मार्कच्या अन्न प्रशासनाने एका कोरियन कंपनीच्या अतितिखट झटपट नूडल्सचे तीन प्रकार कॅप्सेसिन धोकादायक प्रमाणात असल्याचे सांगून बाजारातून मागे घ्यायला लावले. पुढे फेरतपासणीनंतर त्यांतल्या दोन प्रकारांना परवानगी मिळाली, पण प्रश्न जगासमोर आला. त्याच वर्षी जुलैमध्ये तोक्योतल्या एका शाळेत मुलांनी अतितिखट बटाटा वेफर्स वाटून खाल्ले आणि 14 विद्यार्थ्यांना रुग्णालयात न्यावे लागले. मोठ्या माणसाला जे प्रमाण झेपते ते लहान अंगाला झेपत नाही. म्हणून पैजा लावून तिखट खाणे मुलांना ठामपणे बंद करायला सांगावे. दम्याच्या मुलांना तर अशा पैजेजवळ फिरकूही देऊ नये. तिखट खाऊन सारख्या उलट्या होत असतील, छातीत दुखत असेल किंवा श्वास अडखळत असेल तर घरगुती उपाय करत न बसता दवाखाना गाठावा.

एवढे सोडले तर निरोगी मोठ्या माणसासाठी मिरची शत्रू नाही. गंमत अशी की ती ना मूळची आपली आहे, ना जपानची. सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजांबरोबर ती आशियात आली. आपण तिचा ठेचा केला, जपान्यांनी तिला मिसोत कालवले. तिखट जास्त झाले तर ते लगेच सांगते. ओरडून सांगते. माणूस हात आखडता घेतो.

गप्प बसलेले मीठ

मिठाचे तसे नाही. ते जास्त झाले तर जीभ दोन-चार दिवस कुरकुर करते आणि मग तिला त्याचीच सवय होते. त्यापुढे बेताचे मीठही अळणी लागू लागते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे चहाचा एक लहान चमचा, तोही सपाट. त्यात भाजी, भाकरी, लोणचे, पापड, फरसाण, सगळे आले. रामेनचा एक वाडगा रश्श्यासकट संपवला तर पोटात साधारण 5 ते 7 ग्रॅम मीठ जाते. म्हणजे दिवसभराचे मीठ एका जेवणात संपते, कधी त्याहून जास्त होते. मात्र यातले निम्मे किंवा त्याहून अधिक मीठ रश्श्यात असते. शेवया, अंडे, भाजी, मांस खाऊन रस्सा वाडग्यात सोडला तर मोठा वाटा बाहेरच राहतो. जपानमध्ये रस्सा सोडणे हा अन्नाचा अपमान समजला जात नाही. अनेक जण सोडतात. आकायुच्या तिखट गोळ्यातही मिरचीबरोबर मिसो असते, आणि मिसो म्हणजे मीठ घालून आंबवलेले सोयाबीन. जसा गोळा विरघळतो तशी मिरची बोंब मारते आणि तिच्या गोंगाटात मीठ गुपचूप आत शिरते.

आत गेल्यावर ते काय करते? मिठातले सोडियम रक्तात पाणी धरून ठेवते. रक्ताचे आकारमान वाढते, रक्तवाहिन्यांवर दाब वाढतो, मूत्रपिंडावर ताण येतो. रामेन खाल्ल्यावर तहान लागते ती याचमुळे. एखाद्या दिवशी असे झाले तर शरीर सांभाळून घेते. रोजच झाले तर वर्षानुवर्षे दाब चढा राहतो, आणि त्याची ना कळ येते ना ताप येतो. मग एके दिवशी सकाळी अर्धे अंग लुळे पडते. आपल्या वस्त्यांत कमावत्या माणसाला पक्षाघात होतो तेव्हा एक माणूस नव्हे, सगळे घर अंथरुणाला खिळते. मुलीची शाळा सुटते, बायकोची घरकामे वाढतात, सोने असेल तर गहाण पडते.

यामागाता शहरातली कुटुंबे बाहेर रामेन खाण्यावर करतात तेवढा खर्च जपानमधल्या इतर मोठ्या शहरांतही होत नाही. सरकारी पाहणीत गेली काही वर्षे हे शहर सलग पहिले आले आहे. त्याच प्रांतातल्या संशोधकांनी चाळिशीपुढच्या साडेसहा हजारांहून अधिक माणसांची पाहणी करून 2025 साली निष्कर्ष मांडले. आठवड्यातून तीन किंवा अधिक वेळा रामेन खाणाऱ्यांत लठ्ठपणा, रक्तदाब आणि मधुमेह जास्त आढळला. सत्तरीच्या आतल्यांत मृत्यूचा धोकाही अधिक दिसला. त्याच गटात सिगारेट आणि दारूही जास्त होती, त्यामुळे सगळा दोष एकट्या रामेनवर टाकता येत नाही. पण महिन्यातून एकदा खाणे आणि दर दोन दिवसांनी खाणे यांत फरक आहे, एवढे त्यातून घेण्यासारखे आहे.

नागानोच्या बायकांनी काय केले

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येऊ.

जपानमध्ये नागानो नावाचा डोंगराळ प्रांत आहे. हिवाळा कडक असतो. बर्फाच्या दिवसांत ताजी भाजी नसे, म्हणून लोक खारवलेल्या भाज्या, मिसो आणि भात यांवर दिवस काढत. चहाबरोबरसुद्धा खारवलेली पाने चघळत. 1960 च्या दशकात पक्षाघाताने होणाऱ्या मृत्यूंत नागानो जपानमध्ये अगदी वरच्या क्रमांकावर होता. गरिबी होती, गावे दूर होती, डॉक्टर थोडे होते.

तिथे तोशिकाझु वाकात्सुकी नावाचे डॉक्टर 1945 साली साकु येथील एका लहान रुग्णालयात आले. माणसे रोग अगदी हाताबाहेर गेल्यावरच येतात, हे त्यांनी पाहिले. मग ते स्वतः गावोगाव जाऊ लागले. नुसते भाषण लोक ऐकत नाहीत म्हणून त्यांनी रुग्णालयातल्या माणसांना घेऊन नाटके बसवली आणि नाटकातून आरोग्य शिकवले. ज्या समाजाने जलशांतून बाबासाहेबांचा विचार खेड्यापाड्यांत पोहोचवला, त्याला या वाटेचे मोल सांगायला नको. 1959 पासून याचिहो गावात सगळ्या गावकऱ्यांची दरवर्षी तपासणी सुरू झाली. 1976 साली वाकात्सुकींना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पण एका डॉक्टरने प्रांत बदलत नाही. 1945 सालीच तिथल्या ताकाहो गावातल्या बायका, एकटीने राबणारी आरोग्यसेविका पाहून पुढे आल्या आणि म्हणाल्या, आम्ही मदत करतो. त्यातून आरोग्य-स्वयंसेविकांची पद्धत प्रांतभर पसरली. घरातलीच बाई ठरावीक काळ हे काम घेते, शिकते, शेजारणींना शिकवते आणि मग पाळी दुसरीकडे जाते. अशा रीतीने प्रांतातल्या घराघरांत कधी ना कधी हे शिक्षण पोहोचले. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला प्रांताने मीठ कमी करण्याची मोहीम काढली, तेव्हा या बायका घरोघरी जाऊन मिसो सूपाचा खारटपणा मोजत. 'मीठ कमी खा' असे सांगणे सोपे असते. 'तुमच्या घरच्या सूपात आज इतके मीठ निघाले' असे सांगणे वेगळे असते. आकडा समोर आला की वाद मिटतो.

पक्षाघाताचे मृत्यू उतरले. 1990 साली नागानोचे पुरुष आयुर्मानात जपानमध्ये पहिले आले. 2010 साली स्त्री आणि पुरुष दोन्हींत नागानो पहिला होता: पुरुष 80.88 वर्षे, स्त्रिया 87.18 वर्षे. यात तपासण्या होत्या, भरपूर भाजी होती, म्हातारपणीही चालू राहणारे शेतकाम होते, हिवाळ्यात घर उबदार ठेवण्याचे प्रयत्न होते. एकटे मीठ नव्हते. पण सुरुवात घरातल्या पातेल्यापासून झाली, आणि ती बायांनी केली.

राजाचे ताट

थोडे थोडे कमी करणे ही वाट आपल्या परंपरेतही आहे. संयुत्त निकायात दोणपाक सुत्त आहे. कोसलचा राजा प्रसेनजित भरमसाट भात खाऊन धापा टाकत भगवान बुद्धांकडे येतो. बुद्ध त्याला रागावत नाहीत, उपवास करायलाही सांगत नाहीत. प्रमाण ओळखून जेवणाऱ्याचा त्रास कमी होतो आणि तो उशिरा म्हातारा होतो, अशा अर्थाची गाथा सांगतात. जवळ उभा असलेला सुदर्शन नावाचा तरुण ती पाठ करतो आणि राजा जेवायला बसला की म्हणून दाखवतो. राजाचे ताट हळूहळू लहान होत जाते. शरीर हलके होते आणि राजा बुद्धांचे उपकार मानतो.

इथे दोन गोष्टी आहेत. सवय एका दिवसात तुटत नाही, पायरीपायरीने उतरते. आणि आठवण करून देणारा एक माणूस जवळ लागतो. नागानोत ती शेजारीण होती, कोसलात सुदर्शन होता. आपल्याकडे कोण असेल?

आपल्या घरात काय करता येईल

खाण्यावरून माणसाला हीन ठरवण्याचा इतिहास आपण भोगला आहे. म्हणून कोणाच्या ताटाकडे बोट दाखवण्याचा आमचा हेतू नाही. सुकट, बोंबील, ठेचा, रस्सा हे आपले खाणे आहे आणि ते राहणार. फक्त त्यातले मीठ मोजायचे आहे. त्यासाठी यंत्र लागत नाही.

मिठाची नवी पिशवी फोडाल त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहा. पिशवी संपेल तेव्हा दिवस मोजा. मिठाचे ग्रॅम भागिले घरातली माणसे, भागिले दिवस. समजा एक किलोची पिशवी पाच माणसांच्या घरात 30 दिवसांत संपली. 1000 भागिले 5 म्हणजे 200, भागिले 30 म्हणजे साधारण पावणेसात ग्रॅम. यात बाहेरचे फरसाण, वडापाव, पाकिटे धरलेलीच नाहीत. हीच पिशवी 40 दिवस पुरली तर आकडा 5 ग्रॅमवर येतो. एकदम 40 गाठू नका. पुढची पिशवी 33 दिवस पुरवा, त्यापुढची 36. जीभ काही आठवड्यांत जुळवून घेते. मीठ आयोडीनयुक्तच असू द्या.

पाकीट घेताना मागची बाजू वाचा. तिथे मीठ लिहिलेले नसते, 'सोडियम' मिलिग्रॅममध्ये लिहिलेले असते. त्याला अडीचने गुणले की मीठ मिळते. आकडा बहुधा 100 ग्रॅमचा असतो, पाकीट त्याहून मोठे-लहान असते, तेही पाहा. समजा 100 ग्रॅममध्ये 1000 मिलिग्रॅम सोडियम आहे आणि पाकीट 140 ग्रॅमचे आहे. तर सोडियम झाले 1400 मिलिग्रॅम आणि मीठ साडेतीन ग्रॅम. मुलाचे दिवसभराचे बहुतेक मीठ त्या एका पाकिटात आले. सातवी-आठवीतली मुले हे गणित सहज करतात. त्यांनाच करू द्या.

नूडल्स करायचीच असतील तर मसाल्याची पुडी अर्धी घाला. कोबी, गाजर, मटार, अंडे घाला. उरलेला रस्सा पिऊ नका. चायनीजच्या गाडीवरही हाच नियम: सॉस कमी सांगा, सूप सोडा. तिथल्या अजिनोमोटोची लोकांना भीती वाटते. 1908 साली किकुनाए इकेदा या जपानी शास्त्रज्ञाने समुद्री वनस्पतीच्या रश्श्यातून शोधलेली ती चव आहे. त्यातही सोडियम असते, पण तेवढ्याच वजनाच्या मिठाच्या मानाने साधारण एक तृतीयांश. खरी काळजी करायची ती मीठ आणि सॉस यांची.

आणि तिखट? ते इथे मदतीला येते. मीठ कमी केले की जेवण फिके वाटते. तेव्हा भाजलेली मिरची, लसूण, लिंबू, कोथिंबीर, भाजलेल्या जवसाची किंवा तिळाची पूड यांनी चव भरून काढता येते. ठेचा करताना मीठ नेहमीच्या निम्मे घाला आणि वर लिंबू पिळा. सुकट-बोंबील करण्याआधी पाण्यात भिजवून ते पाणी फेका आणि कालवणात वरून मीठ घालण्याआधी चाखून पाहा. खारे शेंगदाणे आणि फरसाण जिथे दारूसोबत चालतात तिथे दुहेरी नुकसान आहे. पाचवे शील पाळणाऱ्या घरात दोन्ही प्रश्न एकदम सुटतात.

दोन सावधगिरीच्या सूचना. बाजारात 'कमी सोडियमचे मीठ' मिळते, त्यात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. आणि मीठ कमी केले म्हणून रक्तदाबाची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये.

विहारात एक काटा, एक वही

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून निदान एकदा रक्तदाब मोजून घ्यावा. सरकारी दवाखान्यात तो फुकट मोजतात. पुन्हा पुन्हा मोजूनही तो 140/90 किंवा त्याहून वर येत असेल तर औषधाला उशीर करू नये. तोंड वाकडे होणे, एक हात न उचलणे, बोलणे अडखळणे यांतले एकही लक्षण अचानक दिसले तर 108 वर फोन करून लगेच मोठ्या रुग्णालयात जावे. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे दिसल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते. मालिश आणि झाडपाल्यात ती वेळ घालवू नये.

वर्षावासात आपल्या विहारांत बाया-माणसे रोज संध्याकाळी जमतात, ग्रंथवाचन होते. महिला मंडळाने त्यातला एक रविवार मिठासाठी द्यावा. प्रत्येक घराने आपल्या पिशवीचे दिवस आणि माणसे सांगावीत, एखाद्या शाळकरी मुलीने वहीत लिहावे, आशाताईंना बोलावून रक्तदाब मोजावा. कोणाचा आकडा जास्त निघाला म्हणून हसू नये. दोन महिन्यांनी पुन्हा मोजावे. ताकाहोच्या बायकांकडे याहून जास्त साधने नव्हती.

ज्या मंडळांनी हे केले त्यांनी आपले आकडे या पानाकडे जरूर पाठवावेत. आम्ही ते छापू. आपली मुले उद्या शिकायला, नोकरीला जपानला जातील, आकायुच्या दुकानात बसून तो लाल वाडगा खातील. खुशाल खावा, घाम येईपर्यंत खावा. रस्सा तेवढा सोडावा.

जयभीम. नमो बुद्धाय.